आडवा वारा

वर्तमानपत्रात एक वाक्य असे असते की, ते एकदा जुळवून कायमचे ठेवून दिले असावे, असे वाटते. ‘दुचाकीवरील ताबा सुटल्याने तरुण जागीच ठार.’ गावाचे नाव बदलते, तरुणाचे वय बदलते. वाक्य बदलत नाही. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य सकाळच्या चहाबरोबर वाचण्याची इतकी सवय झाली आहे, की डोळे आपोआप पुढच्या बातमीकडे वळतात.

यंदा मात्र मी त्या वाक्यापाशी जरा थांबलो. ताबा सुटला, हे खरेच; पण ताबा काही आपण होऊन सुटत नाही. रोही आडवा आला, तर बातमीत रोही येतो. खड्डा असला, तर खड्डा येतो आणि त्याच्याबरोबर बांधकाम खात्याचाही उद्धार होतो. स्वाराने दारू घेतलेली असली, तर तेही लपत नाही. पण वारा आडवा आला, तर तो बातमीत येत नाही. पंचनाम्याला पोलीस पोचतात तेव्हा रस्ता जागेवर असतो, फटफटी जागेवर असते, चाकाची खूणही असते. वारा तेवढा निघून गेलेला असतो. त्याची साक्ष कोण काढणार?

म्हणून या दिवाळीला आपल्या या सदरात मी वाऱ्याचीच गोष्ट काढली आहे. सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच, की भाऊबीजेच्या दिवशी आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहून पाहावे. पुढे टाकीवर एक मूल, मध्ये घरधनी, त्याच्या पाठीला बिलगलेले दुसरे मूल, मागे बाळाला मांडीवर घेतलेली माउली आणि तिच्या हातात फराळाची पिशवी. कायदा मागे एकाच माणसाला बसू देतो. पण माहेरची ओढ कायद्याची पोथी उघडून पाहत नाही. सारे घरच त्या दोन चाकांवर बसलेले असते. अशा घराला वाऱ्याची थोडी ओळख करून द्यावी, म्हणजे दिवाळीची ओवाळणी पदरात पडली, असे मी समजेन.

प्रथम आमचे रस्ते पाहा. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा मोठा महामार्ग, पूर्वीचा ७ क्रमांकाचा आणि आताचा ४४ क्रमांकाचा, आमच्या जिल्ह्यातून वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण उतरत पैनगंगेपर्यंत जातो. पावसाळ्यात आमच्याकडे वारा बहुधा पश्चिमेच्या अंगाने येतो. म्हणजे रस्ता उभा आणि वारा आडवा. शेते उघडी, कपाशी कमरेइतकी, मध्येच सागाचे रान, मध्येच नदीचा पूल. रानात वारा लागत नाही. रान संपले की लागतो. पुलावर तर त्याला अडवायला कठड्याखेरीज काहीच नसते. वणीहून वरोऱ्याकडे जाताना वर्धेवरचा पाटाळ्याचा पूल लागतो, तो ज्यांनी आषाढात ओलांडला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. पुसदच्या आसपासच्या डोंगरांत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडते. रस्ता खिंडीतून जातो तोवर सारे शांत, आणि खिंड सुटून वळण आले की कोणीतरी दार उघडावे तसा वारा अंगावर येतो.

आता थोडे गणित करू. गणित म्हटल्यावर पान उलटू नका. बाजारहाटाएवढेच ते सोपे आहे. फटफटी आणि तिच्यावरचा माणूस यांची बाजूने दिसणारी आकृती सुमारे १ चौरस मीटर धरा. ताशी ४० किलोमीटरचा वारा बरोबर काटकोनात आला आणि फटफटी उभीच असली, तर तिच्यावर सुमारे साडेसात किलोचा दाब पडतो. आठवडी बाजारातून आणलेली भरली पिशवी खांद्याला अडकवावी, इतकाच. त्याने कोणी पडत नाही.

पण फटफटी धावू लागली, की हिशेब बदलतो. धावत्या स्वाराला समोरून स्वतःच्या वेगाचा वारा लागतो आणि बाजूने खरा वारा लागतो. दोन्ही मिळून एकच तिरकस आणि अधिक जोराचा वारा होतो. आपला वेग ताशी ४० किलोमीटर असला, तर त्याच वाऱ्याचा बाजूचा रेटा ढोबळमानाने साडेदहा किलो होतो. ६० ला साडेतेरा, ८० ला सतराच्या घरात. वारा तोच, वाढला तो आपला वेग. सोसाट्याची झुळूक तर चालत्या वाऱ्याच्या दीडपटही असू शकते, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे दीडपट वारा म्हणजे सव्वादोन पट दाब. आपण वारा कमी करू शकत नाही. मूठ सैल सोडून वेग मात्र कमी करू शकतो, आणि वाऱ्याशी सौदा करण्याची तेवढीच एक जागा आपल्या हाती आहे.

साडेतेरा किलोचा हा रेटा दोनशे किलोच्या गाडीला आणि माणसाला तोलायचा असेल, तर वाऱ्याकडे अवघे चार अंश झुकावे लागते. चार अंश म्हणजे काहीच नव्हे. साधे वळण घेतानाही आपण याहून जास्त झुकतो. चांगला स्वार हे नकळत करतो. बाजूने वारा वाहत असला, की फटफटी किंचित कललेली दिसते आणि सरळ रेषेत जाते. त्यात शौर्यही नाही आणि धोकाही फारसा नाही.

मग माणसे पडतात कशी?

याचे उत्तर मला पुस्तकात सापडण्याआधी करंजीच्या फाट्यावर एका चहाच्या टपरीत मिळाले. शेजारच्या बाकावर एक पिकल्या केसांचा ट्रकचालक बसला होता. गोष्टी निघाल्या, तशी त्याने आपली तक्रार मांडली.

“सायेब, आमाले आरशात फटफटी दिसते. थे आपली सरळ चालली असते. आमी बाजूनं निंगालो, का थे आमच्याकडंच येते! मंग लोक म्हनते, ट्रकनं ओढलं. ट्रक कायले ओढन? ट्रकले का हात हायेत?”

मी विचारले, “भाऊ, हे नेहमीच होते, की वारा असला म्हणजेच?”

तो विचारात पडला. बशीतला चहा संपवून म्हणाला, “वावधान असलं का जास्त होते. अन् वारा आमच्या बाजूनं असला, का मंग पाहूच नोका.”

शाळेची पायरी फार चढला नसेल तो. पण शास्त्राची पायरी त्याने बरोबर पकडली होती. रस्सीखेच आठवा. दोन्ही बाजू जीव खाऊन ओढत आहेत, दोर जागचा हलत नाही. अशा वेळी एका बाजूने दोर एकदम सोडून दिला, तर दुसरी बाजू कोठे जाते? आपल्याच जोराने उताणी पडते. वाऱ्यातला स्वार ही दोराची एक बाजू आहे आणि वारा दुसरी. वारा उजवीकडून रेटतो आहे, म्हणून स्वार उजवीकडे झुकलेला आहे. दोघांचे बरोबर जमले आहे. इतक्यात उजवीकडून भला मोठा ट्रक पुढे काढू लागतो. ट्रक म्हणजे चालती भिंत. तिच्या आड येताच वारा एकदम तुटतो. दोर सुटतो. स्वार मात्र अजून उजवीकडेच झुकलेला असतो, आणि उजवीकडे काय आहे? ट्रकची चाके. त्यात भर अशी, की ट्रकच्या तोंडापाशी हवा बाहेर ढकलली जाते आणि त्याच्या कुशीशी ती आत ओढ घेते. म्हणजे ट्रकला हात नाहीत हे खरे असले, तरी थोडी ओढ असतेच. ट्रक निघून गेला, की अडलेला वारा पुन्हा पुऱ्या जोराने येतो आणि या वेळी स्वाराला डावीकडे, रस्त्याच्या कडेला फेकू पाहतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारा स्वार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जातो. हे सारे नाटक अशा दोन-तीन सेकंदांत आटोपते.

म्हणून मी म्हणतो, वारा माणसाला पाडीत नाही. वाऱ्यातला बदल पाडतो. त्यातही वारा सुरू होणे जितके धोक्याचे, तितकेच तो थांबणेही धोक्याचे. पहिले सर्वांना ठाऊक असते. दुसरे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ते ठाऊक नसणे जिवावर बेतते.

आमच्या महामार्गापुरते हे दिशांनी सांगून ठेवतो. पश्चिमेचा वारा असताना पांढरकवड्याकडे, म्हणजे दक्षिणेला, निघालात तर वारा उजव्या अंगाला लागेल. तुम्ही उजवीकडे झुकलेले असाल. उजवीकडून ट्रक पुढे निघाला, की आडोसा येईल आणि फटफटी ट्रककडे वळू पाहील. अशा वेळी ट्रक आरशात दिसताच वेग कमी करा, त्याला लवकर निघून जाऊ द्या आणि डाव्या बाजूला अंतर ठेवा. तोच रस्ता उत्तरेला, वडकीकडे, चाललात तर वारा डाव्या अंगाला लागेल आणि तुम्हाला रस्त्याच्या मध्यावर, म्हणजे वेगाच्या वाहनांकडे ढकलील. तेथे ट्रकला ओलांडायला जाल, तर ट्रकच्या आड असेपर्यंत सारे मऊ लागेल. त्याच्या तोंडापुढे निघालात, की डावीकडून थप्पड बसेल. ओलांडणे संपले, असे वाटते तीच नेमकी थप्पड खाण्याची जागा असते. पूर्वेला वणीकडे किंवा पश्चिमेला दारव्ह्याकडे जाणाऱ्यांनी आपापल्या रस्त्याचे असेच चित्र मनाशी काढावे. निघण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : आज वारा माझ्या कोणत्या हाताला आहे?

वाऱ्याच्या बाबतीत अशी फसगत केवळ आमच्या आडगावच्या स्वारांचीच होते, असे नाही. १९३८ सालच्या जानेवारीत २८ तारखेला जर्मनीत फ्रँकफुर्ट ते डार्मस्टाट या नव्या महामार्गावर वेगाचा विक्रम करण्यासाठी दोन नामांकित मोटारवीर उतरले होते. सकाळी रुडॉल्फ काराचिओला याने मर्सिडीज मोटार ताशी ४३२ किलोमीटरने पळवली. त्याला मागे टाकण्यासाठी बेर्न्ड रोझेमायर आपली ऑटो युनियन मोटार घेऊन निघाला. मोटार माशासारखी घोटीव. समोरचा वारा तिच्या अंगावरून निसटून जावा अशी तिची घडण. पण बाजूने झोत आला, तेव्हा तीच मोटार रस्त्यावरून उडाली आणि अठ्ठावीस वर्षांचा रोझेमायर ठार झाला. समोरच्या वाऱ्याचा बंदोबस्त केला म्हणजे बाजूचा वारा गप्प बसत नाही, हा धडा फार महागात मिळाला.

मोटारसायकलींनाही तो धडा पुढे गिरवावा लागला. १९५० च्या सुमारास शर्यतीच्या मोटारसायकलींना पुढून कवच घालण्याची टूम निघाली. इटलीतल्या मोटो गुझी कारखान्याने तर आपल्या मांडेल्लो गावी वाऱ्याची परीक्षा घेण्यासाठी खास बोगदा बांधला. पुढचे चाकही झाकून टाकणारे ते फुगीर कवच पाहून लोकांनी त्याला कचऱ्याच्या डब्याचे नाव दिले. वेग वाढला, यात शंका नाही. पण आडव्या वाऱ्यात ते कवच शिडासारखे फुगे आणि पुढचे चाक वाटेवरून हटवी. अखेर १९५८ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय संघटनेने शर्यतींत अशा कवचांना बंदी केली.

कारण समजायला बाण पाहावा. बाणाची पिसे मागे असतात. वारा पिसांवर लागतो आणि बाण आपले तोंड सांभाळतो. पिसे पुढे लावली, तर बाण उलटेल. कवचाने नेमके तेच होते : वाऱ्याला धरायला मोठी जागा मिळते, आणि तीही पुढे.

आपल्याकडे शर्यती नसल्या, तरी अशी शिडे आपण रोज लावतो. पावसात मागे बसलेली व्यक्ती छत्री उघडते, ते पहिले शीड. पत्र्याची चादर, दरवाजाची फळी किंवा गादी दोघांच्या मध्ये आडवी धरून नेतात, ते दुसरे. पुढे भली रुंद प्लॅस्टिकची काच बसवतात, ते तिसरे. आणि खास आमच्या जिल्ह्याचे म्हणजे कापसाचे गाठोडे. वजनाला हलके, आकाराला अवाढव्य. वाऱ्याला याहून आवडते गिऱ्हाईक नाही. तेवढ्याच वजनाचे ज्वारीचे पोते निमूट बसून राहते, पण कापूस वाऱ्याबरोबर जायला निघतो. तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा भारा आडवा बांधला, तर त्यात आणखी रुंदीची भर पडते. ओझे न्यायचेच असेल, तर ते खाली आणि चाकाच्या जवळ बांधावे, घट्ट आवळावे, आणि वाऱ्याच्या दिवशी मोठे गाठोडे गाडीबैलाच्या किंवा टेम्पोच्या स्वाधीन करावे. साडीचा पदर आणि ओढणी ही लहान शिडे. ती स्वाराला फारशी हलवीत नाहीत, पण वारा त्यांना उचलून चाकात नेतो. बसण्यापूर्वी पदर कमरेला खोचून घ्यावा. हे सांगायला संकोच वाटू देऊ नये.

आता प्रत्यक्ष वाऱ्यात सापडल्यावर काय करावे?

पहिली गोष्ट, वेग उतरवावा. पण ब्रेक दाबून नव्हे, मूठ सोडून. दुसरी, हात ताठ करू नयेत. भीती वाटली की माणूस मुठी आवळतो, आणि आवळलेल्या मुठींतून वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट चाकापर्यंत पोचतो. कोपर सैल, गुडघे टाकीला घट्ट, पाठ थोडी पुढे वाकलेली. वाकल्याने वाऱ्याला अंगही कमी मिळते. तिसरी गोष्ट ऐकायला चमत्कारिक वाटेल. उजवीकडे झुकायचे असेल, तर उजवी मूठ हलकेच पुढे दाबावी. हँडल क्षणभर डावीकडे जाते आणि फटफटी उजवीकडे कलते. सायकल चालवणारे पोरही हे करीत असते, फक्त त्याला ते माहीत नसते. ज्या बाजूने वारा आला, त्या बाजूची मूठ हलकेच पुढे. वारा तुटला की दाब लगेच सोडायचा. एवढे हाताला शिकवून ठेवावे. चौथी गोष्ट, आपल्या पट्ट्याच्या अगदी कडेने जाऊ नये. कडेला गेलेल्याला एका बाजूला हलायला जागाच उरत नाही. दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा असावी. पाचवी, पुलावर आणि खिंडीच्या तोंडाशी कोणालाही ओलांडू नये. आणि सहावी गोष्ट मागे बसणाऱ्यांसाठी : स्वार झुकला की आपण उलट बाजूला झुकून तोल सावरायला जाऊ नये. त्याच्या पाठीशी जुळून, त्याच्याबरोबर राहावे. संसारातही हा नियम लागू आहे काय, हा वाद मी या सदरात उकरून काढीत नाही.

वारा मोजायचे यंत्र आपल्याजवळ नसते. पण झाडे असतात. ब्रिटिश आरमारातल्या ब्यूफोर्ट नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाऱ्याची एक मोजपट्टी केली. तीच पुढे जमिनीवरच्या खुणांना लावण्यात आली. ती आमच्या रानाला लावून पाहू. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, निंबाच्या लहान फांद्या हलू लागल्या, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. पाने असलेली लहान झाडे सबंध डोलू लागली, म्हणजे २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शीळ घालतात, छत्री धरवत नाही, म्हणजे ३९ ते ४९. सबंध मोठी झाडे हेलकावे खातात आणि वाऱ्यासमोर चालताना जोर करावा लागतो, म्हणजे ५० ते ६१. त्यापुढे डहाळ्या मोडू लागतात. माझ्या मते तारांची शीळ ऐकू आली, की फटफटीचा वेग चाळीसच्या वर जाऊ नये. मोठी झाडे डोलू लागली, की फटफटी उभी करावी. दिवाळीत तर दारोदार वाऱ्याचे यंत्र टांगलेलेच असते. आकाशकंदील नुसता झुलतो आहे, की दोरीला हिसके देतो आहे, हे पाहून निघावे.

उभी करावी ती कोठे, हाही विचार हवा. चैत्र-वैशाखात आणि कधी परतीच्या पावसातही आमच्याकडे ढग चढतो, तो येताना पावसाआधी वारा पाठवतो. ढगातली थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चोहीकडे पसरते. दुरून धुळीची भिंत चालत येताना दिसते. तिच्या तोंडाशी वाऱ्याची दिशा काही क्षणांत फिरते. डाव्या अंगाचा वारा उजव्या अंगाला येतो. आमचा स्वार ढग दिसताच काय करतो? भिजण्यापूर्वी घर गाठायचे म्हणून मूठ पिळतो. म्हणजे ज्या वेळी वेग उतरवायचा, त्याच वेळी तो वाढवतो. भिजलेला माणूस घरी जाऊन अंग पुसतो; हा साधा हिशेब घाईत सुचत नाही. धुळीचा लोट बहुधा थोड्या वेळाचाच पाहुणा असतो. त्याला पुढे जाऊ द्यावे. मात्र आडोसा झाडाखालचा नको. तेथे फांदीही पडते आणि वीजही. मोठ्या जाहिरात-फलकाखालचा तर नकोच नको. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला अशाच वादळी वाऱ्यात एक प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. शाळा, ग्रामपंचायत, पक्के घर, जे जवळ असेल ते गाठावे. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भासाठी मेघगर्जनेचा आणि सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा देत असते. त्यात वाऱ्याचा ताशी वेगही सांगितलेला असतो. आपण त्यात पावसाचे तेवढे वाचतो आणि वाऱ्याचे सोडून देतो.

हे सारे स्वारांना सांगितले. आता जे रस्ते बांधतात आणि सांभाळतात, त्यांच्याकडेही एक मागणे आहे. कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळ पानवल नदीवरच्या उंच पुलावर आणि गोव्यात मांडवी व झुआरी या नद्यांवरच्या पुलांपाशी वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे बसवली आहेत. वारा मर्यादेपलीकडे गेला, की गाड्यांचा वेग कमी करतात किंवा त्या थांबवतात. शेकडो टनांच्या गाडीची जर एवढी काळजी घेतली जाते, तर दोनशे किलोच्या फटफटीची थोडीशी तरी घ्यावी. मुंबईत २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ चा अटल सेतू यांवर दुचाकींना मज्जावच आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गही दुचाकींना बंद आहे. त्या ठिकाणी बंदी घालून प्रश्न सोडवता आला. आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्याला, पाळी संपवून परतणाऱ्या वणीच्या खाणीतल्या कामगाराला, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकेला दुसरा रस्ताही नाही आणि दुसरे वाहनही नाही. त्याच पुलावरून कोळशाचे ट्रक जातात आणि त्याच पुलावरून तीही जातात.

यासाठी महागडे यंत्रही नको. विमानतळावर खांबाला तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी लावलेली असते. वारा नसला की ती लोंबते, वारा वाढला की आडवी होते, आणि दिशाही दाखवते. परदेशांतल्या महामार्गांवर मोठ्या पुलांजवळ आणि डोंगरांच्या तोंडाशी अशा नळ्या लावतात. वर्धेच्या, पैनगंगेच्या आणि बेंबळेच्या पुलांच्या दोन्ही टोकांना एकेक नळी आणि एकेक पाटी लावली, तर पुलाच्या एकूण खर्चात तो आकडा दिसणारही नाही. कापड तर आमच्याच जिल्ह्याच्या कापसाचे निघेल. वाहन चालवण्याचा परवाना देताना उमेदवाराला खुणांच्या पाट्या विचारतात, आठाचा आकडा काढायला लावतात. त्याबरोबर ‘उजवीकडून वारा असताना उजवीकडून ट्रक गेला, तर तुझी गाडी कोणीकडे जाईल?’ हा एक प्रश्न विचारला, तर किती जणांना उत्तर देता येईल? टपरीवरच्या त्या ट्रकचालकाने बिनचूक दिले असते.

दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे वारा सहसा मवाळ असतो. म्हणूनच या दिवसांत त्याची उजळणी करायला हरकत नाही. रस्ता मोकळा असताना, वेग थोडा असताना, मूठ हलकेच पुढे दाबून फटफटी कशी कलते ते एकदा पाहून ठेवा. ट्रक पुढे निघतो तेव्हा कोणत्या क्षणी हवा अडते आणि कोणत्या क्षणी सुटते, ते अंगावर ओळखायला शिका. आणि घरातल्या पोराला नवी गाडी घेऊन देत असाल, तर हार घालून, नारळ फोडून झाल्यावर त्याला जवळ बसवून हे एवढे सांगा. तो म्हणेल, “बाबा, मले सारं येते.” येऊ द्या. तरीही सांगा.

या वर्षी तुमच्याकडची सारी पाहुणेमंडळी सुखरूप येवोत आणि सुखरूप परत जावोत. निघताना त्यांना उंबऱ्याबाहेर घालवायला जाल, तेव्हा एकदा निंबाच्या शेंड्याकडे पाहा, आणि तो फार डोलत असला, तर म्हणा, “थांबा थोडं, आणखी एक चहा होऊ द्या.”